बिनफिनेलचा ड्रम

"अहो मॅडम, हात काय घालताय! काठी देतो की एखादी," मगदूम ओरडले, पण तोवर माझा हात कोपरापर्यंत ड्रममध्ये गेलेला होता.

मिरजेच्या दुकानाच्या मागच्या अंगणात मी गुडघे टेकून बसले होते. मगदूम, म्हणजे तिथले मॅनेजर, नाकाला रुमाल लावून चार हात लांब उभे. रुमालाची काही गरजच नव्हती. वास येतच नव्हता, आणि तेच तर मला खरं वाटत नव्हतं. मी मूठ भरून बाहेर काढली. काळं, भुसभुशीत, कोमट खत. मुठीत दोन गांडुळं वळवळत होती. मी आनंदाने किंचाळलेच.

"चावलं काय?" मगदूमांनी विचारलं.

"मगदूम, हे खत आहे!"

"खताचाच ड्रम हाय की मॅडम. मग काय श्रीखंड निघणार?"

त्यांना कळणं शक्यच नव्हतं. त्याआधीच्या पंधरा दिवसांत मी असे आठ ड्रम उघडले होते आणि आठही वेळा पोटातलं तोंडात आलं होतं.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. पुण्यातल्या एका संस्थेत नुकती लागले होते. 'घरभरणी' नावाच्या सुपरमार्केटची महाराष्ट्रात त्रेचाळीस दुकानं होती आणि त्यांना पर्यावरण सांभाळल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. त्यातली बारा दुकानं तपासून अहवाल लिहायचा, हे माझं काम. माझ्या नावावर निघणारा पहिला अहवाल. एकशे चाळीस प्रश्नांचा तक्ता होता. दिवे कसले, फ्रीजरला दारं आहेत का, पिशव्या कसल्या, गाड्या रिकाम्या परत येतात का, नि उरलेल्या अन्नाचं काय करता. मी मुळातच एका जागी न बसणारी बाई. जेवतानाही माझा पाय हलत असतो. त्यामुळे रोज नवं गाव, नवं दुकान, हे मला मानवलं होतं. नाराज होते ती फक्त त्या ड्रमांवर. कंपनीच्या कागदावर लिहिलेलं, 'शिळी भाजी, फळं, पाव, सगळ्याचं आम्ही खत करतो.' प्रत्यक्षात ड्रम उघडला की आत चिकट, करडा लगदा. कुजतही नाही नि वाळतही नाही. वर फिनेलचा भपकारा. मला वाटायचं, घाण वास मारायला फिनेल ओतत असतील.

"हा ड्रम बघतं कोण?" मी विचारलं.

"सोजरताई. ओ सोजरताई! पुण्याच्या मॅडम बोलावत्यात!"

मागच्या दारातून एक बाई हात पुसत आली. पंचेचाळिशीची, काटक, कंपनीचा हिरवा एप्रन नऊवारीवर बांधलेला. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मुठीतल्या खताकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. शाबासकी द्यायला बोलावलेल्या माणसाचा चेहरा असा का उतरावा, ते मला समजेना.

"हे कसं केलंत, ताई?"

"नियमानं करते, मॅडम. सगळी करत्यात तसंच."

"सगळ्यांचं असं होत नाही हो. आठ दुकानं बघून आलेय मी."

"मग मला काय ठावं? हवापाणी चांगलं आसंल हितलं."

तेवढ्यात मगदूमांना पुढे काउंटरवर कुणीतरी बोलावलं. ते गेले आणि मी तिच्या मागेच लागले. गूळ घालता का? ताक घालता का? किती दिवसांनी ड्रम फिरवता? ती नुसती मान हलवत फरशी पुसायला लागली. तिची बादली माझ्या पायाशी होती. बादलीतून फिनेलचा तोच वास आला, जो आठ गावांत ड्रममधून आला होता, आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"सोजरताई, तुम्ही ड्रममध्ये फिनेल ओतत नाही. म्हणून तर गांडुळं जगली!"

तिचा हात थांबला. तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्या मनगटाला धरून मला सरळ मागच्या फाटकापाशी नेलं. फाटकाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर एका बाईचा फोटो. खाली ठळक अक्षरात, 'चोरीच्या कारणावरून कमी केले आहे. प्रवेश देऊ नये.'

"ही मंगळवेढ्याच्या दुकानातली. हिचं नाव न्हाई ठावं मला. पण तोंड पाठ झालंय," ती म्हणाली. "त्रेचाळीस फाटकांवर लावलंय. काय केलं हुतं हिनं? टाकायच्या पावावर फिनेल न ओतता पिशवीत घातला."

मग तिने मला सगळं सांगितलं. तारीख उलटलेला माल टाकताना त्याच्यावर काळं फिनेल ओतायचं, आणि 'ओतलं' म्हणून वहीत सही करायची, हा कंपनीच्या सुरक्षा विभागाचा नियम. नाहीतर कामगार मुद्दाम माल मागे लपवून ठेवतील, तारीख उलटू देतील आणि घरी नेतील, ही त्यांना भीती. ड्रम दिले होते दुसऱ्या विभागाने. या विभागाने त्या विभागाला कधी विचारलं नाही. आणि माझ्या एकशे चाळीस प्रश्नांत फिनेलचा एकही प्रश्न नव्हता!

"मी एक टमाटं घरी न्हेलं न्हाई, मॅडम. जाताना पिशवी तपासत्यात, विचारा कुणालाबी. पण दह्यावर, आंब्यावर, पावावर फिनेल ओतायचं म्हणजे... माझा हात न्हाई धजत. मानसानं खाल्लं न्हाई तर मातीनं तरी खावं की. म्हणून फिनेल फरशीला वापरते आणि वहीत सही करते. सात महिने झाले."

"अहो, तुम्ही किती मोठं काम केलंय हे तुम्हाला माहीत आहे का?"

"ते मला नगा सांगू. तुमी हे लिवणार का, तेवढं सांगा."

मी फाटकावरच्या फोटोकडे पाहिलं.

"नोकरी गेली तर गेली, दुसरी बघीन," ती म्हणाली. "पण माझं तोंड असं फाटकावर लागाय नको. माझी लेक ह्याच गावात नांदतीय. तिचा सासरा रोज ह्या रस्त्यानं बँकेत जातोय. चोराची लेक म्हणतील तिला. शब्द द्या मला."

"दिला शब्द. नाही लिहिणार."

"हातावर हात मारून."

माझा हात खताने माखलेला होता, तरी तिने त्यावर हात मारून घेतला. मग एकदम मोकळी झाली. गांडुळं तिने कुठल्या शेतातून आणली, केळीच्या साली कशा बारीक करते, ताक कधी शिंपडते, मला भरभरून सांगत सुटली. निघताना स्वतःचा मोबाईल नंबर माझ्या डायरीत लिहून दिला. "खताचं काय अडलं तर फोन करा," म्हणाली. मी इतर ड्रमांसारखाच त्या ड्रमाचाही नमुना बाटलीत भरून घेतला. सवयीने. ते घेऊ नये असं माझ्या मनातही आलं नाही.

पुण्याला आल्यावर प्रयोगशाळेचे आकडे आले. अकरा बाटल्यांत नुसता लगदा, खत शून्य. नऊ नंबरच्या बाटलीत मात्र खत अगदी उत्तम. उकिडवे सरांनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, तक्ता समोर ठेवून चष्मा वर केला.

"हेमांगी, हा नऊ नंबर काय प्रकार आहे?"

"मिरज आहे, सर."

"ते कळलं. एवढा फरक का?"

"तिथे... हवामान बरं असावं."

"सांगली आणि मिरजेत दहा किलोमीटरचं अंतर. सांगलीच्या बाटलीत चिखल आहे. मला मूर्ख समजतेस का?"

मी पाय हलवत राहिले.

"हे बघ," सर म्हणाले, "कंपनीने आधीच लिहून कळवलंय की दुकानांच्या मागे खत होत नाही, हे ड्रम बंद करून सगळा माल कचरा डेपोत पाठवायची त्यांना मोकळीक द्या. अकरा नमुने त्यांच्या बाजूने आहेत. एकाच नमुन्यात खत झालंय. ते का झालं हे तुला माहीत असेल तर लिही. नसेल माहीत तर तो नमुना चुकीचा म्हणून काढून टाक. बिनकारणाचा आकडा मी अहवालात ठेवणार नाही. गुरुवारी सादरीकरण आहे."

तो सोमवार होता.

त्या दोन दिवसांत मी धड बसले नाही की धड झोपले नाही. ऑफिसच्या गच्चीवर चकरा मारल्या. नमुना काढून टाकला तर त्रेचाळीस दुकानांचं अन्न डेपोत जाणार, वर फिनेलसकट. लिहिलं तर सोजरताईचा फोटो फाटकावर. एकदा अहवाल उघडायचा, एकदा मिटायचा. डायरी उघडून तिचा नंबर समोर ठेवला आणि चहाला गेले. परत आले, नंबर तिथेच होता. मी डायरी मिटली नि खणात टाकली.

बुधवारी दुपारी मी लिहायला बसले आणि तीन तास उठले नाही. माझ्या जन्मात मी एवढा वेळ सलग बसले नसेन. अडीच पानं लिहिली. फिनेलचा नियम आणि खताचे ड्रम एकमेकांच्या मुळावर कसे उठलेत, मिरजेत काय वेगळं घडलं, ते कसं सगळीकडे करता येईल. वाचून बघितलं. सुरेख उतरलं होतं. नाव लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण मिरजेच्या दुकानात मागचं काम बघणारी बाई एकच होती, नाव न लिहून उपयोग काय? मग मी मनाची समजूत काढायला शेवटी एक ओळ घातली, 'सदर कर्मचारी महिलेचा कंपनीने जाहीर गौरव करावा अशी शिफारस आहे.' ती ओळ लिहिल्यावर मला फार बरं वाटलं. गौरव होणार म्हटल्यावर फोटो कसला लावतायत!

सादरीकरण झकास झालं. कंपनीच्या संचालिका दफ्तरदार मॅडम स्वतः आल्या होत्या. फिनेलचं पान आलं तेव्हा त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"म्हणजे आमचाच नियम आमचं प्रमाणपत्र अडवतोय?"

"होय, मॅडम."

"अगं, हे आधी कुणी सांगितलं नाही कसं? एक तारखेपासून फिनेल बंद. सगळीकडे मिरजेची पद्धत लावा." त्यांनी स्वतः टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. उकिडवे सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"आणि त्या बाईंच्या गौरवाचं...?" मी विचारलं.

"हो हो, मनुष्यबळ विभागाकडे पाठवते," त्या म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी मगदूमांचा फोन आला. नेहमीचा मिश्कील सूर नव्हता.

"मॅडम, काय केलंसा हे?"

"काय झालं?"

"सोजरताईला काढलं. मनुष्यबळवाल्यांनी तुमचा अहवाल वाचला, सात महिन्यांच्या वह्या मागवून घेतल्या. दोनशे सह्या खोट्या, म्हणाले. फिनेल ओतलंच न्हाई म्हणजे माल घरी न्हेलाच आसणार. मी सांगितलं, पिशवी रोज तपासलीय, सायेब. कोण ऐकतंय? काल फोटो लागला. मलाच लावाय लावला, माझ्या हातानं."

मी दफ्तरदार मॅडमना तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याचं उत्तर आलं, दोन ओळींचं. 'नियम एक तारखेपासून बदलला. त्याआधीच्या सह्या खोट्याच ठरतात.' उकिडवे सर म्हणाले, "तू खरं लिहिलंस. पुढचं त्यांचं त्यांना." मी त्यांच्यावर ओरडले, खुर्ची मागे ढकलून बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून मिरजेला गेले.

मगदूमांनी पत्ता दिला, पण ते बरोबर आले नाहीत. सोजरताई घरी नव्हती. शेजारणीने एका मंगल कार्यालयाचं नाव सांगितलं. तिथे मागच्या बाजूला, नळाखाली, ती लग्नातली भली मोठी पातेली घासत होती. मला बघून तिने नळ बंद केला नाही.

"या, मॅडम. हिकडं कुटं?"

"सोजरताई, मी..." मी बसले, उठले, परत तिथल्या पायरीवर बसले. "माझं चुकलं. मी पत्रं लिहिलीत. मी आणखी लिहीन. वकील बघेन."

"बघा."

"तुमची लेक...?"

"चार दिस माहेरी आलीय. सासऱ्यानं काय म्हणलं न्हाई. नुसता रस्ता बदलला बँकेचा." तिने राख लावलेला काथ्या पातेल्यावर जोरात ओढला. "फिनेल बंद झालं म्हणं."

"हो. त्रेचाळीस दुकानांत."

"मगदूम म्हणला मला. बेस झालं ते."

मला वाटलं, ती मला माफ करतेय. मी हलकी होत होते तेवढ्यात तिने काथ्या खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"एक सांगा, मॅडम. माझा नंबर हुता की तुमच्याकडं. फोन का न्हाई केला?"

गच्चीवर दोन दिवस चकरा मारताना मी स्वतःला पाच-सहा उत्तरं दिली होती. वेळ नव्हता, सरांचा दबाव होता, अन्नाचा प्रश्न मोठा होता. तिच्यासमोर त्यातलं एकही तोंडातून निघेना. खरं होतं ते एकच.

"तुम्ही नाही म्हणाला असता म्हणून," मी म्हणाले. "आणि मग मला लिहिता आलं नसतं. मला ते लिहायचं होतं, सोजरताई. मी शोधून काढलं होतं ना, ते मला सोडवत नव्हतं."

"म्हणजे मी न्हाई म्हणनार, हे तुमीच ठरवलं."

"म्हणाला असता ना?"

"पयल्यांदा म्हणले असते. शिव्याबी घातल्या असत्या." तिने कपाळावरचं पाणी मनगटाने पुसलं. "मग तुमी सांगितलं असतं, ताई, सगळ्या दुकानांत फिनेल थांबतंय. तवा मी आदल्या दिशी मगदूमाच्या टेबलावर राजीनामा ठेवला असता. पगार घेऊन, सगळ्यांचा निरोप घेऊन भाईर पडले असते. आणि तुमाला म्हणले असते, लिवा आता काय लिवायचं ते. सोडून गेलेल्या बाईचा फोटो कोण लावतंय, मॅडम?"

इतकं सोपं होतं. एक दिवस, एक कागद. दोन दिवस जिवाचा आटापिटा करून मला हा रस्ता सुचला नव्हता, कारण तो तिला विचारूनच सापडला असता, आणि तिला विचारायचं सोडून मी बाकी सगळं केलं होतं.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. त्यानंतर मी कितीतरी कंपन्या तपासल्या, पुष्कळ अहवाल लिहिले. वकील बघितला, दीड वर्षाने फाटकावरचे फोटो उतरवून घेतले. तोवर ज्यांनी ते बघायचे त्यांनी बघून झालं होतं. कुणी विचारलं, तुमच्या पहिल्या कामाचं काय झालं, तर मी म्हणते, चांगलं झालं, कंपनीला प्रमाणपत्र मिळालं.

त्या दिवशी मंगल कार्यालयाच्या आतून कुणीतरी हाक मारली, "सोजराबाय, कढया लागत्यात, आवरा!"

"आले!" ती ओरडली. मग मला म्हणाली, "बसायचं आसंल तर बसा, न्हाईतर जावा. मला काम हाय." आणि तिने दुसरं पातेलं नळाखाली ओढलं.